सालीचं पाणी

आजकाल जो उठतो तो मला तुरट पदार्थांचे गुण ऐकवतो. घरातली तरुण मंडळी हिरवा चहा पितात आणि त्याच्या खोक्यावरचा मजकूर मला वाचून दाखवतात, जणू मी कालच जन्मले आहे. पेपरात येतं, की झाडांच्या सालीत आणि फळांत जी फिनॉलिक आम्लं असतात त्यांच्यामुळे तेल लवकर खवट होत नाही, अन्न गुंडाळायच्या वेष्टनात ती घालतात, जखमेवर चिकटवायचा पापुद्रासुद्धा त्यांच्यापासून करतात. करत असतील. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा माझा त्याला काही आक्षेप नाही. पण टॅनिक आम्ल, गॅलिक आम्ल हे शब्द समोर आले की मला चहा आठवत नाही. मला आमचं जाळं आठवतं, आणि मग त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागत नाही.

आमचं घर पनवेलच्या कोळीवाड्यात. वडील डोल लावायचे. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. खाडीच्या तळात खुंट रोवायचे, जाळ्याचं तोंड त्यांना बांधायचं आणि पाण्याच्या ओढीनं मासळी आपणहून आत येऊ द्यायची. माणसानं वेळेवर होडी घेऊन जायचं आणि पिशवी उपसायची. ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हा नायलॉन नव्हतं. जाळं सुताचं आणि अंबाडीच्या दोऱ्याचं असायचं, आणि खाडीचं पाणी अशा दोऱ्याचा बघता बघता चोथा करतं. म्हणून जाळं सालीच्या पाण्यात उकळून काढायचं.

साल ऐनाच्या झाडाची. कर्नाळ्याच्या बाजूच्या रानातून एक कातकरीण डोक्यावर सालीचा भारा घेऊन यायची. आईच्याच वयाची असेल. पायात काही नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बोलणं मोजकं. आमच्या मागच्या दारी भारा टाकायची, पाणी प्यायची आणि सालीच्या बदल्यात सुकी मासळी नि तांदूळ घेऊन पुढच्या घरी जायची. कोळीवाड्यातली बहुतेक घरं तिचीच साल घ्यायची. तिच्या आधी तिची आई यायची म्हणे. मला तिची जरा भीती वाटायची, कारण ती माझ्याकडे बघून कधी हसली नाही. आता वाटतं, इतकं ओझं डोक्यावर आणून मी तरी कुणाकडे बघून हसले असते?

साल कुटायची, भिजत घालायची, मग तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळायची. सालीतलं तुरट द्रव्य गरम पाण्यात उतरतं, तिथून सुतात शिरून बसतं आणि कुजवणाऱ्या जंतूंना मग त्या सुतात थारा मिळत नाही. कातडं कमावतात ते याच गुणानं. आम्ही सूत कमावत होतो म्हणा. अर्थात यातलं जंतूंचं वगैरे मला पुढे पुस्तकातून कळलं. आईला एवढंच ठाऊक होतं, की पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि जीभ टाळ्याला ओढल्यासारखी झाली, की पाणी तयार. मग त्यात जाळं बुडवायचं, मुरू द्यायचं, बांबूवर टाकून वाळवायचं आणि पुन्हा बुडवायचं. हंगाम सुरू झाल्यावरही मधून मधून जाळं घरी आणून त्याला पुन्हा पाणी द्यावं लागायचं.

आईच्या हातचा रंग कोळीवाड्यात नावाजलेला होता. बायका जाळ्याच्या रंगावरून घर ओळखायच्या. आमचं जाळं भाजलेल्या सुपारीसारखं गडद तांबूस दिसायचं आणि शेजारणीचं फिकं. आई तोंडानं काही म्हणायची नाही, पण शेजारणीचं जाळं वाळत असलं की मुद्दाम तिथून दोनदा पाण्याला जायची. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे रंगलेले. लग्नाकार्यात ती पदराखाली हात लपवायची आणि घरी आली की त्याच हातांकडे कौतुकानं बघत बसायची. असा तिचा स्वभाव.

आता जागेचं सांगते, कारण सगळं त्या जागेपायीच झालं. खाडीत वाटेल तिथं डोल लावता येत नसे. कुठली जागा कुणाची हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आमची जागा वळणावर होती, पाण्याला चांगली ओढ असलेली, माझ्या आजोबांच्या वडिलांपासून चालत आलेली. पण जागा राखायची तर तिच्यावर जाळं लागलं पाहिजे. नारळी पुनवेनंतर हंगाम सुरू झाला आणि लागोपाठची उधाणं खुंट रिकामे राहिले, तर पंच ती जागा जाळं घेऊन वाट बघत असलेल्या दुसऱ्या घराला देत. यात दुष्टावा नव्हता. खाडी लहान, घरं फार, रिकामी जागा परवडणार कुणाला? वडिलांना त्या जागेचं वेड होतं. ओहोटीला खुंटांची टोकं पाण्यावर आली की ते लांबून दाखवायचे, "त्यो बघ आपला उंबरा." घराचा उंबरा त्यांनी तसा कधी दाखवला नाही.

दुसरं महायुद्ध संपून थोडाच काळ झाला होता. मी मराठी शाळेच्या वरच्या वर्गात होते. पावसाळा उताराला लागला, जाळं रंगवायची वेळ आली आणि आमच्या हंड्याचं बूड फाटलं. वडील तो तांबटाकडे घेऊन गेले. तांबट म्हणाला, पत्राच मिळत नाही, ठिगळ कशाचं लावू? थांबा. वडील रोज जायचे आणि रोज तेच ऐकून यायचे. दुसऱ्यांचे हंडे होते, पण सगळ्यांचीच घाई चाललेली. शिवाय दुसऱ्याच्या उरल्या पाण्यात आपलं जाळं घालायचं नाही, आपली बरकत त्याच्या घरी जाते, असं आमच्यात मानत. आईला तर तो विचारही सहन होत नव्हता. तिचं जाळं आणि शेजारणीच्या पाण्यात!

शेवटी वडिलांनी लष्कराच्या भंगारातलं एक लोखंडी पिंप कुठून तरी आणलं. अर्धं कापलेलं, आतून गंजलेलं, पण तळ मजबूत. अंगणात ते उतरवून वडील त्याच्याकडे साशंक नजरेनं बघत उभे राहिले.

"लोखंडाचं हाय," ते म्हणाले. "चालंल का?"

आई पिंप आतून घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "केस काळं करायला आवळा कशात भिजवतात? लोखंडाच्या कढईतच ना? लोखंडात रंग आणखीन धरतो."

"पर ते केसांचं."

"रंग तो रंग. तुमी लाकडं आना."

आमच्याकडे सगळ्या बायका तसंच करायच्या. आवळकाठी नाहीतर हिरड्याची पूड लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळपर्यंत ती काळीकुट्ट व्हायची, आणि न्हाण्याआधी ती केसांना चोपडायची. आईचं म्हणणं म्हणून वेडगळ नव्हतं. ज्या गोष्टीनं केसांचं भलं होतं तिनं सुताचं वाईट होईल, हे कुणाच्या ध्यानात यावं? आणि खरं सांगायचं तर तिला त्या वर्षी शेजारणीला कायमचं गप्प करायचं होतं.

पाणी उकळू लागलं आणि नेहमीचा तांबूस रंग दिसेचना. पाणी जांभळं झालं, मग काळं. जाळं बाहेर काढलं तेव्हा ते दौतीत बुडवल्यासारखं दिसत होतं. आई क्षणभर बघत राहिली आणि मग तिचा चेहरा असा काही फुलला की मी आजही विसरले नाही. बांबूवर ते काळं जाळं चढवलं आणि कोळीवाडा बघायला लोटला. कुणी हात लावून पाहिलं, कुणी वास घेतला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "यंदा ह्या जाळ्याला मरन नाय." शेजारीण आली, बघून गेली आणि काही बोलली नाही. आईनं त्या दिवशी सगळ्यांना गूळ घालून चहा दिला. तिला इतकी खूश मी त्याआधी क्वचित पाहिली होती आणि त्यानंतर कधीच पाहिली नाही.

नारळी पुनव झाली, जाळं जागेवर लागलं. सुरुवातीला मासळी भरपूर आली. मधून मधून जाळं घरी यायचं, आई ते पुन्हा पिंपात घालायची, आणि दर खेपेला ते आणखी काळं व्हायचं. आपण जाळ्याला बळ देतोय असंच आम्हाला वाटत होतं. तांबटाकडचा हंडा तसाच पडून होता आणि आता त्याची कुणाला घाईही नव्हती.

दसरा उलटून गेल्यावरच्या एका उधाणाला वडील भरदुपारी परत आले. एरवी होडीतून टोपल्या उतरायच्या. त्या दिवशी ते एकटेच जाळं खांद्यावर टाकून आले आणि ते ओटीवर त्यांनी सोडून दिलं. पिशवीचा तळच नव्हता. मासळी भरली, ओढ बसली आणि सगळं फाटून वाहून गेलं होतं. वडिलांनी एका घराला, म्हणजे जाळ्याच्या एका चौकोनाला, बोट लावलं. ते तुटलं. दुसऱ्याला लावलं, तेही तुटलं. जळक्या वातीसारखं ते सूत बोटाखाली तुटत होतं. वडील तसेच एकेक घर तोडत बसले. शेवटी आईनं त्यांचा हात धरला.

जाळं नवं नव्हतं, पण जुनंही नव्हतं. आणखी दोन-तीन हंगाम आरामात निघाले असते. असं कशानं झालं असेल याचा घरात खल सुरू झाला. कुणी म्हणालं दृष्ट लागली, सगळा कोळीवाडा बघून गेला होता ना. कुणी म्हणालं पाणी नीट मुरलं नाही. मग वडिलांनीच ठरवून टाकलं, की साल वाईट होती. जून झाडाची साल सांगून त्या बाईनं कोवळ्या झाडाची दिली, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या झाडाची मिसळली. एकदा हे त्यांच्या मनानं घेतल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना.

ती कातकरीण पुढच्या खेपेला आली ती नेहमीसारखीच, मागच्या दारी. भारा टेकवला आणि पाण्याच्या तांब्यासाठी आईकडे बघू लागली. वडील पुढच्या दारानं फिरून आले. त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि तिला ओढत गल्लीत आणलं, मागोमाग तिचा भारा फेकला. साल सगळीकडे पसरली. वडील मोठ्यानं बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी आख्ख्या कोळीवाड्यानं त्यांचा आवाज ऐकला. चोर म्हणाले, आणखी जे म्हणाले ते सगळं मी लिहीत नाही.

ती बाई साल गोळा करत होती. गोळा करता करता एवढंच म्हणाली, "साल तीच हाय, दादा. झाड तेच हाय."

"परत ह्या वाड्यात दिसलीस तर बघ!"

आई दारात उभी होती. माझ्या वडिलांसारखा शांत माणूस असा भडकतो म्हणजे खरंच काहीतरी असणार, असं लोकांना वाटलं. दुसऱ्या कुणीही तिची साल घेतली नाही. ती भारा पुन्हा डोक्यावर घेऊन गेली आणि परत आली नाही. पुढे साल पेणच्या बाजूनं एक व्यापारी गाडीतून आणू लागला.

इकडे जागेसाठी धडपड सुरू झाली. दुसरं जाळं आमच्याकडे नव्हतं. डोल विणणं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं पावसाळाभराचं काम, आणि आता तर हंगाम ऐन भरात. आई चूल सोडली तर चातीपासून उठत नव्हती. चाती म्हणजे सूत कातायची फिरकी. मला शाळेतून काढून विणायला बसवलं. वडील विणायचे, उसवायचे, पुन्हा विणायचे, कारण घरं सारखी येत नसत. एक उधाण गेलं, दुसरं गेलं. पंचांनी समजुतीनं घेतलं, आणखी थोडी सवलत दिली. पण आमचं जाळं अर्ध्यावरही आलं नव्हतं. शेवटी पंच घरी आले, ओटीवर बसले, आईनं पुढे केलेली सुपारीही कुणी घेतली नाही. त्यांच्यातला एक जण वडिलांचा लहानपणापासूनचा सोबती होता. जागा आता दुसऱ्या घराला दिल्याचं त्यानंच सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. वडील "बरं" म्हणाले. अर्ध्या विणलेल्या जाळ्याच्या दोऱ्या आईनं पुढे खाटा विणायला वापरल्या.

वडील मग तांदळाच्या गिरणीत पोती उचलायला जाऊ लागले. पनवेलात तेव्हा गिरण्यांना तोटा नव्हता. संध्याकाळी घरी यायचे ते तुसानं पांढरे झालेले. कोळ्याच्या अंगाला मासळीचा वास नाही, हे मला फार विचित्र वाटायचं. सरळ रस्त्यानं न येता ते बंदरावरून यायचे. त्यांच्या खुंटांना आता दुसऱ्याचं जाळं असायचं. तो माणूस भला होता, कधी कधी आमच्याकडे मासळी पाठवायचा. वडिलांनी ती कधी खाल्ली नाही. आम्ही खायचो. पोटाला कळतं थोडंच?

मला परत शाळेत घातलं, कारण विणायला आता काही उरलं नव्हतं. पुढे शिकले, ट्रेनिंग केलं, गावातल्याच शाळेत मास्तरीण झाले. कोळीवाड्यातली मुलगी शिकली म्हणून लोक माझे सत्कार करतात आणि घरच्यांनी किती प्रोत्साहन दिलं ते विचारतात. जाळं फाटलं म्हणून शिकले, असं सांगितलं तर त्यांना ते आवडत नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट असेल. मी वर्गात शाईचा प्रयोग करून दाखवत होते. हिरड्याचा काढा एका पेल्यात, हिराकसाचं पाणी दुसऱ्यात. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. दोन्ही एकत्र केले की काळी शाई तयार. हा प्रयोग मी त्याआधीही कितीदा केला होता. पण त्या दिवशी पाणी आधी जांभळं झालं आणि मग काळं, आणि माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मुलं हसायला लागली. मी तास कसाबसा संपवला.

मग मी माझ्या परीनं खात्री करून घेतली. सुताचे दोन तुकडे घेतले, एक नुसत्या सालीच्या पाण्यात उकळला, दुसरा त्याच पाण्यात गंजके खिळे टाकून. दोन्ही तुकडे वर्गाच्या खिडकीत उन्हात टांगले, मधून मधून मिठाच्या पाण्यानं भिजवले. पावसाळ्याआधी तांबूस तुकडा माझ्या हातानं तुटत नव्हता, काळा तुकडा चिमटीत तुटला. सालीतलं आम्ल लोखंडाला धरतं, त्यातून काळा रंग होतो, आणि तेच लोखंड मग हवेच्या नि उन्हाच्या मदतीनं सुताला आतून खात राहतं. केस वेगळे, सूत वेगळं. साल चांगली होती, इतकी चांगली की तिनं पिंपातलं भरपूर लोखंड ओढून घेतलं.

मी ते दोन तुकडे घेऊन घरी गेले. वडील गिरणीत होते. आई मासळी साफ करत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. तिनं तुकड्यांकडे नीट बघितलंही नाही.

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"जाळ्याच्या काठाची दोरी व्हती ना, ती मागल्या सालची. तांब्याच्या हंड्यात रंगवल्याली. ती पिंपात घातलीच नव्हती, आधीच पक्की व्हती म्हनून. समदं जाळं तुटलं, ती दोरी नाय तुटली. त्याच दिवशी मना कळलं."

इतकी वर्षं! मी चिडले, तिला नाही नाही ते बोलले. मग बाबांना का नाही सांगितलंस, म्हणून ओरडले.

"काय सांगू? तुमची जागा माज्या रंगापायी गेली, असं सांगू?" तिनं विळी बाजूला ठेवली. "बाय, त्या मानसाला कुनावर तरी राग धराया पायजे व्हता. त्यो राग हाय म्हनून त्यो उठून कामाला जातो. माज्यावर धरला असता तर ह्या घरात ऱ्हायलं असतं का कोन?"

मला तिचं पटलं नाही, पण मीही गप्प बसले. दोघींनी मिळून ते झाकून ठेवलं. बाबांना किती लागेल, आईचं काय होईल, एवढंच आमच्या बोलण्यात होतं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत नायलॉन आलं. आधी एका घरी, मग धडाधड सगळीकडे. हिरवी, निळी, चमकणारी जाळी. कुजत नाहीत, सडत नाहीत, सालीचं नाव नको. अंगणातले हंडे लोकांनी मोडीत काढले. वडील तोवर थकले होते, गिरणी सुटली होती, ओटीवर बसून असायचे. शेजारच्या एका मुलानं नवं जाळं त्यांना दाखवायला आणलं. वडिलांनी ते बोटांत घेऊन ओढून ओढून पाहिलं.

"ह्याला साल लागत नाय?"

"नाय, आजोबा."

"बरं झालं," वडील म्हणाले. "आमच्या वक्ताला सालीपायी घरं बुडली. एक बाई व्हती कातकरीण. खोटी साल दिली तिनं मना." ही गोष्ट ते वर्षातून कितीदा तरी सांगायचे, तेच शब्द, तोच आवाज. आम्हाला ती पाठ झाली होती. मी तिथंच बसून मुलांच्या वह्या तपासत होते, आई तांदूळ निवडत होती.

"साल खोटी नव्हती," आई म्हणाली.

वडिलांना वाटलं ती मुलाशी बोलतेय. ते पुढे सांगू लागले.

"आवं, साल खोटी नव्हती," आई पुन्हा म्हणाली. "लोखंडाच्या पिंपानं जाळं खाल्लं. पिंपात घाला असं मीच बोलले व्हते. मना तवाच कळलं व्हतं."

मुलगा आपलं जाळं उचलून निघून गेला. मी वडिलांकडे बघायला धजत नव्हते. आता ते आईला मारतील, निदान घराबाहेर काढतील, असं मला वाटलं. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं सूप खाली ठेवून पदर सारखा केला. पण वडिलांनी जे विचारलं ते इतक्या वर्षांत आमच्या दोघींच्या मनातही आलं नव्हतं.

"मंग ती बाई?" ते म्हणाले.

आईनं मान खाली घातली. वडिलांनी पुन्हा तेच विचारलं, जरा मोठ्यानं, जणू ती आतल्या खोलीत होती आणि आईनं तिला हाक मारायची होती.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच धोतर नेसून तयार झाले. आईनं विचारलं नाही. फडक्यात सुकी मासळी भरभरून बांधून त्यांच्या हातात दिली. मी शाळेत रजा कळवली आणि त्यांच्याबरोबर निघाले, कारण त्यांना एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं. एसटीनं पळस्प्यापर्यंत, मग गोव्याच्या रस्त्यानं चालत, विचारत विचारत. वडिलांना धाप लागायची, थांबायचे, पुन्हा चालायचे.

कातकरवाडीत थोड्याच झोपड्या शिल्लक होत्या. एक म्हातारा बाहेर बसला होता. त्याला आधी आमचा संशय आला, सरकारी माणसं वाटली असतील. मग वडिलांनी सालीचं सांगितलं आणि त्याला ओळख पटली. ती त्याच्या चुलत्याची सून निघाली.

"ती नाय आता," तो म्हणाला. "कोळीवाडा तिचा व्हता, तिच्या आयेपासनं. साल घेऊन जायाची, पोटापुरतं आनायची. मंग कोळ्यांनी बंद केली. कवा ना कवा बोलवतील म्हनून इथंच बसून ऱ्हायली लई दिवस. साल काढून ठेवायची, ती तशीच सुकायची. पोरं उपाशी मरायला लागली तवा ठेकेदारासंगं कोळशाच्या भट्टीवर गेली, घाटावर. तिथंच खपली."

"पोरं?" वडिलांनी विचारलं.

"भट्टीवरच कुठं कुठं असतील. ती काय परत येत्यात?"

वडिलांनी मासळीचं फडकं त्याच्यापुढे ठेवलं. आम्ही कोण ते त्यानं विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. त्यानं फडकं सोडून वास घेतला, घरात हाक मारली. एक लहान मुलगी ते आत घेऊन गेली.

परत पळस्प्याच्या नाक्यावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. एसटीचा पत्ता नव्हता, ट्रक मात्र एकामागून एक धूळ उडवत गोव्याकडे वळत होते. वडील एका मैलाच्या दगडावर बसले. मी त्यांच्यासाठी चहा आणला, तो त्यांनी हातात धरला आणि प्यायले नाहीत. झालं ते झालं, तुम्हाला तरी काय माहीत, चूक कुणाचीच नव्हती, असलं बरंच काही मी बोलत होते. शाळेत बोलून बोलून मला सवयच लागली आहे. त्यांनी मला बोलू दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"माजी जागा पंचांनी घेतली, बाय. तिची मी घेतली."